‘डिडन्ट वेंट’ कुठून येतं आणि ते कसं घालवायचं

प्रश्न इंदूरच्या सुदामानगरातल्या एका आईचा आहे. मुलगी इंग्रजी माध्यमात सातवीत आहे, घरी मराठी बोलते, शाळेत आणि गल्लीत हिंदी. क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता ती धडाधड म्हणून दाखवते. पण वहीत ‘आय डिडन्ट वेंट’ लिहिते, ‘यस्टरडे वी हॅड गॉन टू सराफा’ (सराफा म्हणजे इंदूरचा खाऊबाजार) लिहिते आणि बोलताना मध्येच ‘टीच्ड’, ‘कॅच्ड’ म्हणून जाते. तक्ता पुन्हा पहिल्यापासून पाठ करून घ्यावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तक्ता पुन्हा पाठ करून घेऊ नका. तुम्ही दिलेल्या तीन चुका दिसायला सारख्या असल्या तरी तिन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि तक्त्याने त्यातली जेमतेम एक सुधारते. ‘टीच्ड’मध्ये रूपच आठवलं नाही. ‘डिडन्ट वेंट’मध्ये रूप बरोबर आठवलं, पण नको तिथे वापरलं. ‘हॅड गॉन’मध्ये तर दोन्ही शब्द जागेवर आहेत, फक्त काळच चुकीचा निवडला आहे. आधी दुसरी चूक घेतो. ती सर्वात जास्त दिसते आणि सर्वात लवकर सुटते.

आपण म्हणतो, ‘ती गेली’. नकार द्यायचा तर ‘ती गेली नाही’. विचारायचं तर ‘ती गेली का?’ तिन्ही वाक्यांत ‘गेली’ हलत नाही. हिंदीतही ‘गई’, ‘नहीं गई’, ‘गई क्या’. मुलीच्या दोन्ही भाषा तिला एकच शिकवतात, की भूतकाळाचं रूप तयार झालं की त्याला नकार किंवा प्रश्न नुसता चिकटवायचा. तेच ती इंग्रजीत करते. ‘वेंट’ तयार आहे, त्याला ‘डिडन्ट’ चिकटवलं. म्हणजे चूक आळसाची नाही, ती मराठी नियमाने इंग्रजी बोलते आहे. इंग्रजीत एका क्रियेचा भूतकाळ एकदाच दाखवतात. ‘डिड’ आलं की भूतकाळ त्याच्याकडे गेला आणि मुख्य क्रियापद पहिल्या रूपावर परतलं. हे पटवायला मराठीतलंच वाक्य वापरा: ‘ती जात नव्हती’. इथे भूतकाळ ‘नव्हती’मध्ये आहे, ‘जात’ कोरडंच राहिलं. ‘ती गेली नव्हती’ म्हटलं तर अर्थच बदलतो. ‘डिडन्ट गो’ची बांधणी ‘जात नव्हती’सारखी आणि अर्थ मात्र ‘गेली नाही’, एवढं तिच्या डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं तोंडाच्या सवयीचं आहे. त्यासाठी प्रत्येक क्रियापद तीन वाक्यांत, एका दमात म्हणून घ्या: ‘शी वेंट. डिड शी गो? शी डिडन्ट गो.’ मग ‘शी एट. डिड शी ईट? शी डिडन्ट ईट.’ मग ‘सॉ’, ‘केम’, ‘टुक’, ‘गेव्ह’, ‘ब्रॉट’, ‘बॉट’, ‘रोट’, ‘सेड’, ‘टोल्ड’, ‘मेड’. रोज बारा क्रियापदं, जेमतेम तीन मिनिटं. तक्त्यात ‘गो, वेंट, गॉन’ आडवं म्हणतात. त्याने रूपं माळेसारखी ओवली जातात खरी, पण मधला मणी एकटा हाताला लागत नाही. सात सक विचारल्यावर मूल सात एकेपासून सुरू करतं, तसंच. तीन वाक्यांत मात्र ‘वेंट’ कुठे बसतं आणि कुठून उठतं, हेच पाठ होतं.

इथे चार ठिकाणी पाय घसरतो. ‘बी’ला ‘डिड’ चालत नाही, म्हणून ‘शी वॉज नॉट’, ‘वॉज शी?’, आणि ‘शी डिडन्ट वॉज’ कधीच नाही. भूतकाळात कर्त्याप्रमाणे बदलणारंही हेच एक क्रियापद आहे, ‘वॉज’ आणि ‘वर’. बाकी सगळी ‘आय’, ‘शी’, ‘दे’ सर्वांना सारखी. आपल्याकडे ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’ असं कर्मही बघावं लागतं, इंग्रजीत तेवढी सुटका आहे. दुसरं ठिकाण ‘डू’. ‘आय डिड माय होमवर्क’चा नकार मुलं ‘आय डिडन्ट माय होमवर्क’ असा करतात, कारण एक ‘डिड’ आधीच दिसतोय. पण तिथे दोन ‘डू’ लागतात: ‘आय डिडन्ट डू माय होमवर्क’. तिसरं, ‘कोणी’ असं विचारणारा प्रश्न. ‘कप कोणी फोडला?’ला ‘हू ब्रोक द कप?’ म्हणायचं, तिथे ‘डिड’ येतच नाही, कारण ‘हू’ स्वतःच कर्ता आहे. चौथं ठिकाण ‘टू’. ‘मला जायचं होतं’ म्हणजे ‘आय वाँटेड टू गो’. मुलं ‘टू वेंट’ लिहितात. मराठीकडे बघा, भूतकाळ फक्त ‘होतं’मध्ये आहे आणि ‘जायचं’ तसंच. इथे आपली भाषा इंग्रजीच्याच बाजूने आहे, ते मुलीला दाखवा.

अजून एक चूक तुम्ही लिहिली नाही, पण तिच्या निबंधाच्या वहीत ती असण्याची शक्यता खूप आहे: ‘आय गो टू द शॉप अँड बॉट अ नोटबुक’. आपण म्हणतो, ‘मी दुकानात जाऊन वही घेतली’. दोन क्रिया, पण भूतकाळ फक्त शेवटच्या ‘घेतली’ला. ‘जाऊन’ला काळच नाही. इंग्रजीत ‘अँड’ने जोडलेल्या प्रत्येक क्रियापदाला दुसरं रूप लागतं: ‘आय वेंट टू द शॉप अँड बॉट’. निबंध तपासताना ‘अँड’च्या आधीच्या क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारा. ‘उठून, दात घासून, पोहे खाऊन शाळेत गेले’ असं वाक्य मनात असेल, तर इंग्रजीत चारही क्रियापदं भूतकाळात हवीत. बहुतेक चुका त्या रेघेखालीच सापडतील.

आता ‘हॅड गॉन’. याचं मूळ अनुवादाच्या पद्धतीत आहे. आपल्या भागात हिंदीतून इंग्रजी शिकवताना वाक्याचा शेवट बघून काळ ओळखायला सांगतात, आणि ‘या था, चुका था’ दिसलं की ‘हॅड’ लावायला शिकवतात. पण हिंदीत ‘कल हम सराफा गए थे’ आणि मराठीत ‘काल आम्ही सराफ्यात गेलो होतो’ ही साधी भूतकाळाची वाक्यं आहेत. गेलो, खाल्लं, परत आलो, एवढाच अर्थ. त्याचं इंग्रजी ‘वी वेंट टू सराफा यस्टरडे’. ‘हॅड गॉन’ला आधाराला दुसरी भूतकाळाची घटना लागते: ‘वी रीच्ड सराफा, बट माय कझिन हॅड गॉन होम’. आम्ही पोचण्याआधीच तो गेला होता. दोन घटना असतील आणि आधी काय झालं ते सांगायचं असेल तरच ‘हॅड’. त्याचप्रमाणे काल, परवा, मागच्या रविवारी, 2019 साली अशी वेळ वाक्यात असेल तर ‘हॅव’ही बसत नाही. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ चूक, ‘आय सॉ हिम यस्टरडे’ बरोबर. तिसऱ्या रूपाबद्दल एवढंच पुरे, की ते एकटं उभं राहत नाही. ‘आय सीन’, ‘आय डन’ असं दिसलं की त्या रूपाच्या आधी ‘हॅव’, ‘हॅड’ किंवा ‘वॉज’सारखं काहीतरी राहून गेलं आहे.

राहिलं ‘टीच्ड’. आधी तिला सांगा की तिचं डोकं बरोबर चाललंय. नियम शिकलेलं मूलच ‘टीच्ड’ म्हणतं. नियम न शिकलेलं मूल ऐकलेलं तेवढंच म्हणतं. इंग्रज घरातली लहान मुलंही आधी ‘वेंट’ म्हणतात, मग नियम कळला की काही काळ ‘गो’ला ‘ड’ जोडून ‘गोड’ म्हणू लागतात आणि पुन्हा ‘वेंट’वर येतात. आपल्या भाषेत तरी काय वेगळं आहे? बस–बसला, उठ–उठला या चालीने कर–करला व्हायला हवं, पण होतं केला. ये–आला, दे–दिला, घे–घेतला, हो–झाला, मर–मेला, खा–खाल्ला, सांग–सांगितला. हिंदीतला ‘किया’ही असाच अनियमित, आणि इंदूरच्या रस्त्यावर त्याच्या जागी ‘मैंने करा’ सर्रास ऐकू येतं. ती हीच प्रवृत्ती. ‘गो–वेंट’ तर हुबेहूब आपल्या ‘जातो–गेला’सारखं आहे. ‘जातो’ संस्कृतातल्या ‘या’ धातूपासून आलं, ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’पासून. दोन वेगळ्या धातूंची एक जोडी झाली. इंग्रजीत ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या वेगळ्या क्रियापदाचं रूप होतं, ‘सेंड–सेंट’ तसं ‘वेंड–वेंट’, आणि ते ‘गो’ने घेतलं. वहीच्या एका पानावर मराठीची अशी वीस रूपं मुलीकडूनच लिहवून घ्या. अनियमितपणा ही इंग्रजीची खोड आहे असं वाटणं त्या पानाने थांबतं, आणि माझ्या मते हे पान तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

अनियमित रूपं टिकतात ती वापरामुळे. रोज शंभरदा तोंडात येणारा शब्द नियमात ओढला जात नाही, क्वचित येणारा ओढला जातो. ‘हेल्प’चं जुनं भूतकाळाचं रूप ‘होल्प’ होतं, आज ते ‘हेल्प्ड’ आहे. इंग्रजीतली सर्वात जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं सगळीच्या सगळी अनियमित आहेत. त्यामुळे मोजणीच्या पद्धतीप्रमाणे दीडशे-दोनशे भरणारी पूर्ण यादी एकदम हातात घेऊ नका. सातवीला सत्तर-ऐंशी क्रियापदं भरपूर झाली, आणि ती अकारविल्हे नको, कुळांप्रमाणे हवीत.

पहिलं कूळ न बदलणाऱ्यांचं: कट, पुट, हिट, लेट, सेट, शट, हर्ट, कॉस्ट, बर्स्ट, स्प्रेड, स्प्लिट. शेवट ऐका, सगळ्यांच्या अंती ‘ट’ किंवा ‘ड’ आहे. भूतकाळाचा प्रत्ययही ‘ट–ड’चाच, म्हणून बहुतेकांमध्ये तो मूळ अक्षरात मिसळून गेला. उलटं मात्र खरं नाही: वाँट, वेट, नीड, अ‍ॅड यांना नेहमीचा प्रत्यय लागतो. परीक्षेत या कुळाचा एक बारकावा येतो. ‘ही पुट द बॅग ऑन द टेबल’ हा कोणता काळ? ‘ही’ असून ‘पुट्स’ नाही, म्हणजे भूतकाळ. ‘रीड’ याच कुळाच्या कडेला आहे. स्पेलिंग तेच, पण भूतकाळात उच्चार ‘रेड’. धडा मोठ्याने वाचताना मुलं इथे हमखास ‘ही रीड द लेटर’ वाचतात.

दुसरं कूळ आखूड होणाऱ्या स्वराचं, आणि मराठी मुलांना हे फार पटकन समजतं. कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट, वीप–वेप्ट, स्वीप–स्वेप्ट, फील–फेल्ट, लीव्ह–लेफ्ट, मीन–मेंट. प्रत्ययाचं ओझं मागे आलं की लांब स्वर आखूड होतो. आपण ‘मूल’ला प्रत्यय लावताना ‘मुलाला’ ऱ्हस्व लिहितो, ‘खीर’ची ‘खिरीत’ होते. कारण वेगळं असलं तरी कानाला चाल तीच. मीट–मेट, फीड–फेड, लीड–लेड, ब्लीड–ब्लेड यांच्यात ट किंवा ड आधीच असल्यामुळे नुसता स्वर आखडतो. ‘लेड’चं स्पेलिंग एल-ई-डी. मुलं ‘रीड’वरून उचलून एल-ई-ए-डी लिहितात, ते कापलं जातं. याच्या शेजारी ‘ड’चा ‘ट’ करणारी पाच ठेवा: सेंड, स्पेंड, लेंड, बेंड, बिल्ड.

तिसरं कूळ म्हणजे मुलीचे ‘टीच्ड’ आणि ‘कॅच्ड’ जिथे अडतात ते. ब्रिंग–ब्रॉट, बाय–बॉट, थिंक–थॉट, फाइट–फॉट, सीक–सॉट, टीच–टॉट, कॅच–कॉट. शेवट सगळ्यांचा सारखा ऐकू येतो, पण लिहिताना पाचांत ओ-यू-जी-एच-टी आणि दोघांत ए-यू-जी-एच-टी. ओळखायची खूण सोपी आहे: मूळ क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये ‘ए’ अक्षर असेल तर भूतकाळातही ‘ए’. टीच आणि कॅचमध्ये आहे, उरलेल्या पाचांत नाही. मधलं जी-एच हे एकेकाळी घशातून ‘ख’सारखं उच्चारलं जायचं. जर्मनमध्ये ‘आणलं’ला अजून ‘ब्राख्ते’ म्हणतात. इंग्रजीत आवाज गेला, अक्षरं राहिली. ‘बॉट’ आणि ‘ब्रॉट’ची गल्लत सोडवायला एकच सांगा: ब्रिंगमध्ये ‘र’ आहे, म्हणून ब्रॉटमध्येही ‘र’. विकत घेतलं त्यात ‘र’ नाही.

चौथ्या कुळात तीन रूपांत आतले स्वर तीन वेगळे: सिंग–सॅंग–संग, ड्रिंक–ड्रॅंक–ड्रंक, स्विम–स्वॅम–स्वम, बिगिन–बिगॅन–बिगन, तसेच रिंग, सिंक, श्रिंक. स्पेलिंगमध्ये आय, ए, यू. शेजारीच दुसरा गट आहे ज्यात मधला ‘ए’ नाही: डिग–डग–डग, स्टिक–स्टक–स्टक, स्विंग–स्वंग–स्वंग, स्टिंग–स्टंग–स्टंग. ‘विन–वन–वन’ याच घरचं, फक्त स्पेलिंग ओ-एनचं. कोण कुठे, याला नियम नाही. दोन्ही याद्या लहान आहेत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी घ्या. एकाच दिवशी घेतल्या की ‘स्वॅंग’ तयार होतं.

बाकी कुळं पटकन होतात. ब्लो–ब्ल्यू, ग्रो–ग्र्यू, नो–न्यू, थ्रो–थ्र्यू आणि त्यांच्याबरोबर फ्लाय–फ्ल्यू, ड्रॉ–ड्र्यू. पण शो–शोड आणि फ्लो–फ्लोड वेगळे. स्पीक–स्पोक, ब्रेक–ब्रोक, स्टील–स्टोल, चूझ–चोझ, राइट–रोट, ड्राइव्ह–ड्रोव्ह, राइझ–रोझ. वेअर–वोअर, टेअर–टोअर. सेल–सोल्ड, टेल–टोल्ड. फाइंड–फाउंड. कम–केम–कम आणि रन–रॅन–रन यांच्यात तिसरं रूप पहिल्यावर परत येतं. स्पेलिंगसाठी पे, से, ले या तिघांचा शेवट ए-आय-डी लक्षात ठेवा. प्ले आणि स्टे मात्र सरळ वाय-ई-डी घेतात. आणि ‘सेड’चा उच्चार ‘सेइड’ नाही, ‘रेड’शी जुळणारा ‘सेड’.

जिथे दोन क्रियापदं एकमेकांत शिरतात तिथे मोठ्यांचीही चूक होते. आडवं पडणं: लाय–ले–लेन. ठेवणं किंवा अंडं घालणं: ले–लेड–लेड. खोटं बोलणं: लाय–लाइड–लाइड. पहिल्याचं दुसरं रूप हेच दुसऱ्याचं पहिलं रूप आहे, सगळा गोंधळ त्यातून. पडणं फॉल–फेल, वाटणं फील–फेल्ट, भरणं फिल–फिल्ड. उठणं राइझ–रोझ, उचलणं रेझ–रेझ्ड. सापडणं फाइंड–फाउंड, पण संस्था स्थापन करणं फाउंड–फाउंडेड. भिंतीवर टांगलं तर ‘हंग’, फाशी दिलं तर ‘हँग्ड’. ‘लर्न्ड’ आणि ‘लर्न्ट’, ‘बर्न्ड’ आणि ‘बर्न्ट’ दोन्ही बरोबर आहेत, शाळेच्या पुस्तकात जे असेल ते एका वहीत एकसारखं ठेवा.

श्रुतलेखनात आणखी एक सापळा असतो, तो ऐकण्याचा. न्यू, ब्ल्यू, थ्र्यू, रोड, एट, वन, रेड हे आवाज नवा, निळा, मधून, रस्ता, आठ, एक आणि लाल यांच्या इंग्रजी शब्दांशी जुळतात. मुलगी ‘आय न्यू द आन्सर’मध्ये ‘नवा’वालं न्यू लिहीत असेल तर तिला क्रियापद येतंय, कमी पडतंय ते स्पेलिंग. तिथे क्रियापदाचा तक्ता देऊन उपयोग नाही. या सात क्रियापदांचं एकेक वाक्य करून ती सात वाक्यं चार दिवस लिहून घ्या.

आता दिनक्रम. रोज बारा मिनिटं, जेवणानंतर. आधी तीन मिनिटं तीन वाक्यांचा सराव. पुढची पाच मिनिटं तुम्ही मराठीत वाक्य म्हणायचं आणि तिने थेट इंग्रजी, मध्ये तक्ता न म्हणता: ‘बाबांनी छप्पनवरून (छप्पन दुकान या खाऊगल्लीतून) कचोरी आणली’, ‘आजीने गोष्ट सांगितली’, ‘मी पाणी नाही प्यायले’, ‘आपण रंगपंचमीची गेर (मिरवणूक) पाहिली’. दहा वाक्यं, त्यात चार नकाराची किंवा प्रश्नाची असलीच पाहिजेत, नाहीतर ‘डिडन्ट वेंट’ लपून राहतं. उरलेल्या चार मिनिटांत तिने आज काय केलं याच्या पाच ओळी लिहायच्या. नवी क्रियापदं दिवसाला पाच, एकाच कुळातली, आठवड्यातून चार दिवस. उरलेले तीन दिवस जुनी. प्रत्येक क्रियापद शिकल्याच्या दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा विचारा. प्रत्येक क्रियापदाची एक चिठ्ठी, अशा दिवसाच्या पाच चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा करून त्यावर तारखा टाकल्या की लक्षात राहतं. या गतीने ऐंशी क्रियापदं चार आठवड्यांत होतात, आणि पुढचे दोन आठवडे फक्त उजळणीला.

ती बोलत असताना वाक्य तोडू नका. ती ‘आय डिडन्ट वेंट’ म्हणाली तर तुम्ही सहज ‘ओ, यू डिडन्ट गो? व्हाय?’ असं विचारा. बरोबर रूप कानावर पडतं आणि बोलणं चालू राहतं. लिहिलेल्या ओळी मात्र रोज तपासा, आणि लाल शाईने दुरुस्त करण्याऐवजी चुकीच्या शब्दाखाली फक्त टिंब द्या. दुरुस्ती तिने करायची. टिंब दिल्यावर तिला लगेच बरोबर रूप सुचलं, तर ते तिला येतं आणि फक्त सराव वाढवायचा आहे. सुचलं नाही, तर त्या क्रियापदाची चिठ्ठी पुन्हा पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात टाका.